गट क्रमांक अकराची चार मिनिटं

गट क्रमांक अकराला शंभरापैकी एक्क्याण्णव गुण मिळाले. त्या दिवशीच्या सोळा गटांमध्ये सगळ्यांत जास्त. शेऱ्याच्या रकान्यात 'विशेषतः शेवटचा भाग अत्यंत प्रभावी' असं हिरव्या शाईत लिहिलं गेलं, आणि एकविसाव्या दिवशी विभाग बंद झाला. आता हे झालेलंच नाही असं समजायचं. गुण नाहीत, शेरा नाही, हिरवी शाई अजून पेनातच आहे. यात फसवाफसवी काही नाही. वजनकाटे तपासणारी माणसं रोज सकाळी हेच करतात. काल पारड्यात काय होतं ते काट्याला विसरायला लावतात, काच पुसतात, बारीक स्क्रू फिरवत काटा शून्यावर आणतात आणि मगच पहिलं वजन ठेवतात. तर काटा शून्यावर आहे, सकाळचे दहा वाजून पन्नास मिनिटं झालीत, आणि मुख्य कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर एका लांबलचक बाकाच्या टोकाला तो बसलेला आहे.

"दहा नंबरचे आलेच नाहीत. अकरा, चला आत," शिपाई म्हणाला, तेही दार अर्धवट उघडून, कुणाकडे न बघता, जणू कडीलाच सांगतोय. झालं ते एवढंच. कुणी जिन्यावरून पडलं नाही, कुठे आग लागली नाही. पण त्यांची वेळ साडेअकराची होती, दहा नंबर आणि समितीचा चहा उरकल्यावरची. मधली चाळीस मिनिटं त्याने राखून ठेवली होती. चाळीस मिनिटांत माणूस वाटेल ते लिहू शकतो, अशी गेले तीन आठवडे त्याची ठाम समजूत होती, आणि त्या समजुतीच्या जोरावर त्याने तीन आठवडे काहीही लिहिलं नव्हतं. मांडीवर पाच कागद होते. चार कोरे. पाचव्यावर 'सन्माननीय समिती' आणि पुढे एक स्वल्पविराम. स्वल्पविराम झकास उतरला होता. शेजारची तिघं उठली तेव्हा बाकाची फळी हलकी होऊन वर आली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्या मनात आलं, एकशे ऐंशी किलोंच्या आसपास.

तिघं म्हणजे अक्का, मिशी आणि नवी. विभागात माणसंच चार. शहरातल्या दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे तराजू आणि वजनं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर नाही मारायचा. काम म्हटलं तर इतकंच. अक्का विभागाची प्रमुख, निवृत्तीला चार महिने राहिलेली. मिशीने मिशी काढली त्याला बारा वर्षं झाली होती, पण नावाने हे कधी मनावर घेतलं नाही. नवी नऊ वर्षांपूर्वी आली तेव्हा नवी होती. आणि त्याचं स्वतःचं नाव शून्या, कारण सकाळी सगळे काटे शून्यावर आणायचं काम त्याचं. पगारपत्रकावर दुसरं एक नाव होतं, पण त्या नावाने हाक मारली तर तो मागे वळून बघायचा, की कुणाला बोलावतायत.

तीन आठवड्यांपूर्वी पुनर्रचना समितीचं पत्र आलं होतं. हल्ली तराजू स्वतःच स्वतःला तपासतात, तेव्हा ते तपासायला माणसं कशाला, असा प्रश्न वर कुणाला तरी पडला होता. पत्रात प्रश्न इतका सरळ नव्हता. तो 'उपयुक्ततेचे मूल्यमापन' असा टाय बांधून आला होता. सोळा लहान विभागांनी समितीपुढे गटाने सादरीकरण करायचं, चार जणांनी प्रत्येकी चार मिनिटं, प्रत्येकाने बोललंच पाहिजे. त्यावरून कोण राहणार आणि कोण जाणार ते ठरणार. सोबत एक पुस्तिका होती, 'प्रभावी गट-सादरीकरण: दहा पायऱ्या'. विभाग बंद झालाच तर कोणाला कुठे पाठवायचं, तेही पत्रातच होतं. वरचे लोक पुढचा विचार करतात. त्याच्या नावासमोर डोंगरापलीकडची शाखा होती. बसने तेरा तास.

अक्काने त्याच दिवशी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं आणि कामाची वाटणी केली. विभागाचा इतिहास ती स्वतः सांगणार. तपासणी कशी होते ते मिशी सांगणार. आकडे आणि पडद्यावरची चित्रं नवीकडे. राहिला शेवटचा भाग, या विभागाची गरज काय. तो कुणी घ्यायचा यावर वाद झालाच नाही. अक्का चार महिन्यांनी घरी बसणार होती. मिशीच्या मेव्हण्याचा छापखाना होता आणि तो कधीपासून याला बोलावत होता. नवीची बदली जिथे दाखवली होती तिथे तिचा नवरा आधीपासून नोकरीला होता. विभाग बंद व्हावा म्हणून तिने देव पाण्यात ठेवले असते तरी तिला कुणी नावं ठेवली नसती. विभाग टिकायला हवा होता तो फक्त एकाला. "ज्याचं दुखतं त्यानं ओरडावं," अक्का म्हणाली, "तू शेवटचा." आणि बाकीची दोघं हो म्हणाली. म्हणजे ही तिघं जी घसा कोरडा करणार होती, आरशासमोर हातवारे करणार होती, ती त्याच्यासाठी. हे त्याला कळत होतं. हे कळणं त्याच्या छातीवर एखाद्या वीस किलोच्या ठोकळ्यासारखं बसलं होतं, शिक्का मारलेल्या, अगदी बरोबर वीस किलोच्या.

पुस्तिकेतली तिसरी पायरी होती, 'भाग समान वाटून घ्या'. दुसऱ्या कुठल्या कचेरीत याचा अर्थ वेगळा झाला असता. इथे मिशीने प्रत्येकाचे कागद काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवले. अक्काचे तेवीस ग्रॅम, नवीचे तेवीस ग्रॅम, मिशीचे स्वतःचे तेवीसवर थोडे, म्हणून त्याने कात्रीने समास कापला, पुन्हा तोलला, पुन्हा कापला, आणि तेवीसवर आणून सुटकेचा श्वास सोडला. शून्याला पाच कोरे कागद देण्यात आले, तेही तोलून. शाईचं वजन नगण्य असतं, मिशी म्हणाला, तेव्हा तू काय लिहितोस याने फरक पडत नाही. हे तो धीर द्यायला म्हणाला होता.

सहावी पायरी, 'घड्याळ लावून सराव करा'. पहिला सराव सोमवारी चार वाजता, लोकांसाठीची खिडकी बंद झाल्यावर. अक्का बोलली, मिशी बोलला, नवी बोलली. त्याच्याकडे तिघांनी पाहिलं तेव्हा तो म्हणाला की माझं अजून लिहून व्हायचंय, तुम्ही पुढे चला. पुढे आता फक्त आभार होते. दुसरी कुठली माणसं असती तर आभार मानून घरी गेली असती. पण सोळा मिनिटांचं माप बारा मिनिटांत संपवणं ही त्या खोलीत गेल्या तीस वर्षांत न झालेली गोष्ट होती. अक्का म्हणाली, "तुझी चार मिनिटं रिकामी धरू. तेल तोलायचं तर रिकाम्या डब्याचा आधी धडा करतोच ना आपण, त्याच्याइतकं वजन समोर ठेवून? तसा आज धडा करून घेऊ. माल उद्या घाल." आणि ती चौघं मोठी माणसं टेबलाभोवती चार मिनिटं गप्प बसली. नवीच्या हातात घड्याळ होतं. चार मिनिटं भरल्यावर अक्का म्हणाली, झालं, आणि आभार मानले.

उद्याचा माल उद्या आला नाही. परवाही नाही. नऊ सराव झाले, आणि नऊ वेळा धडाच झाला. वाईट गोष्ट अशी की त्यात सुधारणा होत गेली. पहिल्या दिवशी मिशी खोकला होता, तिसऱ्या दिवसापासून त्याचा खोकला बारा मिनिटांतच उरकायला लागला. नवी मधून मधून हलक्या आवाजात वेळ सांगायची, दोन मिनिटं झाली, अजून चाळीस सेकंद, आणि तिचा आवाज दिवसेंदिवस मऊ होत गेला. पाचव्या सरावाला मिशी म्हणाला की खरं सांगू का, चौथा भागच सगळ्यांत चांगला बसलाय. सहाव्याला अक्काने सांगितलं की त्या चार मिनिटांत तिला तिच्या मेलेल्या आईचा जुना फोन नंबर आठवला, सगळेच्या सगळे आकडे. शून्याला त्या चार मिनिटांत घाम यायचा. पाठीवरून एक ओळ, मणका धरून, खाली. पण तो काय बोलणार आहे हे त्याला कुणी विचारलं नाही. प्रेमापोटीच विचारलं नाही. त्याच्यावर दडपण नको, असं तिघांनी आपसात ठरवलं होतं, आणि ते त्याने दाराआडून ऐकलं होतं. त्याने दार उघडून सांगायला हवं होतं की विचारा, कृपा करून मला विचारा, गचांडी धरून विचारा. तो जिना उतरून बसथांब्यावर गेला.

घरी बोलायचं कसं ते तो शिकलाच नव्हता, कारण घरात जागाच नसायची. वडील भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा की संध्याकाळी तो आधी घरी यायचा आणि मागून वडील. आई भांडी आपटायची तेवढंच तिचं बोलणं. तो नऊ वर्षांचा असताना एकदा वडिलांनी त्याला बाजारात नेलं, उपड्या खोक्यावर उभं केलं, समोर कोबीचा ढीग होता आणि पन्नास-साठ व्यापारी. पुकार, वडील म्हणाले. त्याने तोंड उघडलं. कोबीच्या पानांचा ओला, हिरवा वास आत गेला आणि बाहेर काहीच आलं नाही. साठ माणसं वाट बघत होती. मग वडिलांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माल मुका आहे मंडळी, पण वजनाला भरतो." सगळे हसले, त्याला कुणीतरी गाजर दिलं, आणि ढीग एका मिनिटात गेला. वडिलांना राग आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. रागाला उत्तर देता येतं. विनोदाला काय देणार?

आठ महिन्यांपूर्वी वडिलांच्या मेंदूत एक नस फुटली. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर सगळे शब्द गेले, एक सोडून. लिलावात एकवार, दोनवार, तीनवार असं म्हणून बोली तोडतात. त्यातला मधला तेवढा राहिला. पाणी हवं असलं की दोनवार. पडदा ओढायचा तर दोनवार. शेजारच्या काकू दिवसा येऊन बसायच्या, त्यांनी पेपर वाचून दाखवला की खूश होऊन दोनवार, दुखलं की लांब, ओढलेलं, शेवटी फाटणारं दोनवार. काकू म्हणायच्या, "अरे, तुझे बाबा एकच घोकतात, मला मेलीला काय कळायचं?" पण त्याला कळायचं. त्याने मोजले होते. एकोणीस वेगवेगळे दोनवार होते. आयुष्यात पहिल्यांदा वडील बोलले की त्यानंतर थोडी शांतता असायची आणि त्या शांततेत तो काहीतरी म्हणू शकायचा. सुरुवातीच्या, दवाखान्यातल्या दहा दिवसांत तो शब्दही गेला होता. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी, खिडकीकडे बघता बघता, परत आला. वाचेचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता यांना या खोलीतून हलवू नका. ही खिडकी, हे घड्याळ, तुम्ही. एवढ्यावर तो शब्द टांगलेला आहे. पुन्हा गेला तर येणार नाही.

मोठी बहीण फोनवर म्हणाली होती की बदली आलीच तर बाबांना एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेवू या, तिच्याकडे चौथा मजला आणि सासूचे गुडघे, आणि अशा ठिकाणी कशी चोवीस तास माणसं असतात. "तिथल्या माणसांना दोनवार कळणार नाही," तो म्हणाला. "म्हणजे काय रे?" "काही नाही, ताई." आणि काही नाही म्हटल्यावर ताईने नेहमीप्रमाणे त्याचा अर्थ काही नाही असाच घेतला. यात तिची चूक नव्हती. तोच आयुष्यभर जे म्हणायचं नाही तेवढं म्हणत आला होता.

दालनात कागदाचा आणि गार हवेच्या यंत्राचा वास होता. लांब टेबलामागे समितीची तीन माणसं. मधले अध्यक्ष, वयस्कर, हिरव्या पेनाने कागदावर चौकोन काढणारे. डावीकडे नोंदी घेणाऱ्या बाई. उजवीकडे एक गृहस्थ, जे झोपले नव्हते पण जागेही म्हणता आले नसते. अक्काने सुरुवात केली. पुस्तिकेत प्रत्येक श्रोत्याच्या डोळ्यांत तीन सेकंद बघायला सांगितलं होतं; तिने तिघांच्या डोळ्यांत तीन-तीन सेकंद पाहिलं, मग पुन्हा डावीकडून सुरू केलं, दिवा फिरवल्यासारखं, आणि चौथ्या मिनिटाला बरोबर थांबली. मिशीने तपासणी समजावली आणि आठव्या पायरीनुसार एक विनोद केला. दुकानदाराला विचारलं काटा डावीकडे का झुकतो, तर म्हणाला, साहेब, गिऱ्हाईक उजवीकडे उभं राहतं ना. कुणी हसलं नाही. ठरलेला विनोद ठरलेल्या जागी झाला, याचं समाधान मिशीच्या तोंडावर पसरलं. नवीने पडद्यावर आकडे दाखवले, वर्षात चार हजार तीनशे बारा काटे तपासले, सहाशे अठरा चुकीचे निघाले. मग तिने सातव्या पायरीप्रमाणे हाताने त्याच्याकडे खूण केली आणि म्हणाली, "या विभागाची गरज काय, हे आता माझे सहकारी सांगतील." आणि तिने घड्याळाचं बटण दाबलं.

तो उभा राहिला. एक पाऊल पुढे आला. पाच कागद हातात होते, तेवीस ग्रॅम, ते त्याने टेबलावर ठेवले. त्याला सांगायचं काय ते माहीत नव्हतं असं नाही. नेमकं तिथेच दुखणं होतं. मागच्या वर्षी एक परिचारिका बाळांच्या दवाखान्यातला काटा काखेत मारून, बसने, तपासणीची वेळ झालेली नसताना घेऊन आली होती. नवा काटा, स्वतःला तपासणारा. हिरवा दिवा लागायचा, सगळं ठीक. ती म्हणाली होती, "आमच्याकडची सगळीच बाळं एकदम बाळसं धरायला लागलीत हो. मला आनंद व्हायला हवा. पण मी त्यांना उचलते ना रोज." त्याने काटा लावला. एकशे ऐंशी ग्रॅम जास्त दाखवत होता, रोज थोडा थोडा सरकत तिथवर आलेला, आणि वर हिरवा दिवा. त्या बाळांमधलं एक रोज थोडं थोडं कमी होत होतं आणि कागदावर भरत होतं. पंधरा दिवसांनी ती परिचारिका पुन्हा आली, फक्त एवढं सांगायला की ते आता खरंच भरतंय. बस्स. एवढंच सांगायचं होतं. चाळीस सेकंद लागले असते. उरलेल्या तीन मिनिटं वीस सेकंदांत समितीला पाणी पिता आलं असतं. वाक्य तयार होतं. पहिला शब्द 'मागच्या'. म. ओठ मिटायचे आणि उघडायचे. ओठ मिटलेले होते. मिटलेले राहिले. मागे मिशीने खुर्चीत पाय लांब केल्याचा आवाज आला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता, चौथ्या भागात मिशी पाय लांब करायचा. अक्काची मान खिडकीकडे वळलेली असणार. नऊ वेळा सराव झालेला होता आणि सरावाने माणूस काहीही उत्तम करतो. पाठीवरून घामाची ओळ निघाली, मणका धरून, वेळेवर. दोन झाली, नवी मऊपणे म्हणाली. अध्यक्षांनी चौकोन काढणं थांबवलं. उजवीकडचे गृहस्थ पूर्ण जागे झाले. नोंदी घेणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हाताची बोटं एकेक करून मोडली, अगदी हळू, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जणू त्यांना आत्ताच कुणाचा तरी नंबर आठवला. गार हवेचं यंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं. आता, त्याने स्वतःला सांगितलं, बाबांना सकाळी दाढी करताना गाल फुगवता येत नाही, तू आतून जीभ लावल्यासारखी त्वचा ओढून धरतोस, तसं धर, ओढ, बोल. त्याने तोंड उघडलं. उघडलंच. आणि उघडल्या क्षणी त्याला कळलं की 'मागच्या' येणार नाही. जिभेच्या मुळाशी, घशात, दुसराच एक शब्द चढून येऊन बसलाय, आठ महिने ऐकलेला, खणखणीत, बाजारभर जाईल असा, आणि तोंडातून आता आला तर तोच येईल, दोनवार, आणि त्यानंतर आयुष्यभर तेवढाच येईल, विसावा, एकविसावा, आणि त्याचे अर्थ मोजायला घरात कुणी नसेल. अजून चाळीस, नवी म्हणाली. चाळीस. एवढेच लागत होते. त्याने तोंड मिटलं.

"झालं," अक्का सवयीने म्हणाली, आणि तिने आभार मानले, आणि मिशीने आणि नवीने टाळ्या वाजवल्या, कारण सरावात वाजवायचे. मग समितीनेही वाजवल्या. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. सकाळपासून नऊ वेळा आपल्याला पटवलं गेलं, ते म्हणाले, आणि ज्याने स्वतःचं म्हणणं लादलं नाही असा हा पहिलाच गट. "शेवटच्या भागातून जे सांगायचं होतं, ते पोचलं," ते त्याच्याकडे बघून म्हणाले. काय पोचलं, हे त्याला विचारायचं होतं. तो ओशाळून मान हलवून मोकळा झाला.

जिन्यात मिशी त्याच्या पाठीवर थापा मारत होता, सेकंदाचाही फरक नाही म्हणत होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अक्का एकाएकी थांबली. कठड्याला धरून ती त्याच्याकडे वळली.

"तू बोललास का रे?"

"नाही, अक्का."

"मग आम्ही टाळ्या कसल्या वाजवल्या?" असं तिने विचारलं, आणि तो प्रश्न त्याला नव्हता. मिशीचा हात त्याच्या पाठीवरच राहिला होता, पण आता ती थाप नव्हती. नवी हातातल्या घड्याळाकडे बघत होती, जणू त्यात काहीतरी राहिलं असेल. तो मागे फिरला. दोन-दोन पायऱ्या चढून वर गेला, शिपायाला म्हणाला, अगदी सरळ, न अडखळता, की मला चाळीस सेकंद आत जायचंय, एका बाळाबद्दल सांगायचंय. शिपायाने पहिल्यांदा कडीकडून त्याच्याकडे पाहिलं. बारा नंबर आत आहे, तो म्हणाला, आणि ते बघा, दहा नंबरचे आत्ता उगवलेत, त्यांनाही सोडलेलं नाही. बाकावर दहा नंबरचे चौघं धापा टाकत बसले होते. त्यांच्या हातात किती कागद होते! सगळे भरलेले, दोन्ही बाजूंनी.

आता ते पहिलं झालेलं सगळं, जे झालंच नाही असं आपण समजत होतो, ते परत घ्यायला हवं. गुण आले, हिरवा शेरा आला. एकविसाव्या दिवशी आदेश आला. त्यात लिहिलं होतं की विभागाने आपली गरज म्हणून कोणतेही निवेदन केलेले नाही, ही बाब समितीने समाधानपूर्वक नोंदवली आहे, सबब विभाग बंद. शून्याचं वेगळं कौतुक होतं. डोंगरापलीकडच्या शाखेत त्याने आपल्या कामाखेरीज तिथल्या कर्मचाऱ्यांना प्रभावी समारोप कसा करावा हे शिकवायचं होतं. अक्काने आदेश दोनदा वाचला आणि चष्म्याच्या घरात चष्मा न ठेवता ते घर तसंच मिटलं. तिने त्याला एक शब्दही बोल लावला नाही. मिशी म्हणाला, मेव्हण्याला विचारतो तुझ्यासाठी, आणि खरंच विचारलं, आणि मेव्हणा म्हणाला की छापखान्यात एकाचीच सोय आहे.

आदेशाला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. हलवल्यास ज्यांची अचूकता कायमची नष्ट होते अशी उपकरणं जागेवरच ठेवावीत, त्यांच्या देखरेखीस एक कर्मचारी त्याच ठिकाणी नेमावा, विभागांनी यादी सोबतच्या नमुन्यात भरून पाठवावी. अक्का म्हणाली, आपल्याकडे असलं काही नाही, आपले सगळे काटे पेटीत बसतात. तिने तो नमुना रद्दीच्या बाजूला सारला. त्याने तो घडी घालून खिशात ठेवला, अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला, आणि दुपारी काकूंना घरी पाठवून वडिलांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसला. वडील जागे होते. दोनवार, ते म्हणाले. हा सातवा, म्हणजे काय करतोयस. लिहितोय, तो म्हणाला. गुडघ्यावर पाटी ठेवून त्याने एकदाही न थांबता, एकदाही न खोडता, नमुन्याचे सगळे रकाने भरले:

'अनुक्रमांक: एक. वस्तूचे वर्णन: अर्जदाराचे वडील, वय चौऱ्याहत्तर, लाकडी पलंगावर, खिडकीच्या डाव्या अंगास. संख्या: एकच. सद्यःस्थिती: चालू. क्षमता: एक शब्द, अर्थ एकोणीस. शेवटची तपासणी: आज, अर्जदाराकडून, बरोबर आढळले. हलवल्यास होणारे नुकसान: वरील शब्द. पर्यायी उपकरण: उपलब्ध नाही. तरी सदर वस्तूची जागेवरून न हलवण्याजोग्या वस्तूंच्या यादीत नोंद करण्यात यावी, तिच्या देखरेखीसाठी अर्जदारास आहे त्या शहरात आहे त्या पदावर, पद शिल्लक नसल्यास पदाविना, ठेवण्यात यावे, आणि समितीच्या पुढील बैठकीत अर्जदाराचे राहून गेलेले चाळीस सेकंदांचे निवेदन, समितीच्या सोयीने, दार बंद करून का होईना, ऐकून घेण्यात यावे, ही नम्र विनंती.'